पोनी प्ले: लगाम चढवण्याआधी, चढवल्यावर आणि उतरवताना

पोनी प्ले हा दोन प्रौढ माणसांनी ठरवून खेळायचा खेळ आहे. एकानं घोडा, म्हणजे ‘पोनी’, व्हायचं. दुसऱ्यानं, म्हणजे ‘हँडलर’नं, त्याला सांभाळायचं, चालवायचं, चाली शिकवायच्या, खरारा करायचा. खरं जनावर यात कुठेही नसतं. संभोग असलाच पाहिजे असं नाही, पुष्कळ जोड्यांमध्ये तो नसतोच. कुणाला साजातली ऐट आवडते, कुणाला डोक्यातली बडबड तासभर थांबलेली आवडते, कुणाला नुसता दमवणारा व्यायाम. भाग घेणारे सगळे १८ वर्षांवरचे आणि शुद्धीत असलेले, ही अट मात्र सुटत नाही.

बाकीच्या भूमिका-खेळांत निदान तोंड मोकळं असतं. इथे बिट, म्हणजे दातांत धरायची आडवी दांडी, तोंडात गेलं की बोलणं जातं, खुरांच्या हातमोज्यात बोटं जातात, झापडांनी बाजूचं दिसणं जातं आणि खुराच्या बुटांनी तोल जातो. अर्ध्या तासात चार गोष्टी काढून घेतलेल्या असतात. त्या परत देण्याची जबाबदारी समोरच्यावर असते आणि घोडं पेंड खातं ते इथेच. म्हणून साज विकत घेण्याआधी ‘थांब’ कसं म्हणायचं ते ठरवायचं.

(पुढे पोनीला ‘ती’ आणि हँडलरला ‘तो’ म्हटलं आहे, केवळ वाक्य सुटसुटीत राहावं म्हणून. प्रत्यक्षात कुणीही काहीही होऊ शकतं. हँडलरला आपल्याकडे ‘मोतद्दार’ असा नेमका शब्द आहे, पण या वर्तुळात तो कुणी वापरत नाही. वापरायला हरकत नसावी.)

कुठल्या जातीची पोनी

ढोबळ तीन प्रकार. शो पोनी: चाली, वळणं, ऐटीत पाय उचलणं, पिसांचा तुरा. कार्ट पोनी: दोन चाकांची हलकी गाडी ओढणं. रायडिंग पोनी: पाठीवर किंवा खांद्यावर स्वार. नवख्यांच्या मनात बहुतेक वेळा तिसरा प्रकार असतो आणि दुखापतीचा धोकाही त्यातच जास्त. सुरुवात पहिल्या प्रकारानंच करा. सपाट बूट, साधा मुखसाज (डोक्याला आणि गालांना बसणारे पट्टे), बिट नाही, एवढ्यावर पहिली तीन-चार सत्रं मजेत जातात.

आधीचं बोलणं

हे बोलणं रोजच्या कपड्यांत, टेबलाशी बसून, शक्य तर एक दिवस आधी. साज अंगावर चढल्यावर नवीन काही ठरवायचं नाही. पोनी भूमिकेत खोल गेलेली असते तेव्हा तिला शब्द सुचत नाहीत आणि मान हलवून दिलेला होकार हा विचार करून दिलेला होकार नसतो.

विचारायचं ते असं. जबडा अडकतो किंवा कटकन वाजतो का? दातांवर तारा, कॅप किंवा ब्रिज आहे का? गुडघा, घोटा, कंबर, मान यांपैकी काय दुखावलेलं आहे? दमा, फिट, चक्कर? निकेल किंवा लॅटेक्सची ॲलर्जी? स्वस्त कड्यांच्या मुलाम्याखाली निकेल असतं, त्यामुळे हा प्रश्न फालतू नाही. शेवटचं जेवण केव्हा झालं? भरल्या पोटी दुडकी आणि तोंडात बिट म्हणजे उलटीला आमंत्रण. जेवणानंतर दोन तास जाऊ द्या.

मग सीमा. कुठे हात लावलेला चालेल, कुठे नाही. लैंगिक स्पर्श हवा की नको, हा प्रश्न वेगळा आणि स्पष्ट विचारायचा. पोनी व्हायला होकार दिला म्हणजे त्यालाही दिला, असं होत नाही. चाबूक इशाऱ्यापुरता की लागण्यापुरता? ‘अडेलतट्टू’ म्हटलेलं गंमत वाटेल की अपमान? फोटो काढायचे का, कुणाच्या फोनवर, कधी पुसायचे?

या वर्तुळात दोन सूत्रं कानावर पडतील. एसएससी, म्हणजे सुरक्षित, शहाणपणाचं आणि संमतीचं, हे १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या समलिंगी पुरुषांच्या ‘लेदर’, म्हणजे चामड्याच्या पोशाखाची आवड असलेल्या, मंडळींतून आलं. रॅक, म्हणजे धोका ओळखून संमती, हे १९९० च्या दशकाच्या शेवटी. पोनी प्लेला दुसरं जास्त लागू पडतं. पडण्याचा धोका शून्य करता येत नाही, तो दोघांना माहीत असावा लागतो.

‘थांब’ म्हणायची सोय

परवलीचा शब्द बिटमागून ऐकू येत नाही. हातातला चेंडू टाकायचा म्हटलं तर खुराच्या हातमोज्यात चेंडू धरताच येत नाही. म्हणून खुणा पायांच्या आणि शरीराच्या हव्यात.

एक टाप म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, तीन म्हणजे सगळं थांबवा. आधी जमिनीवर करून बघा. जाड सतरंजीवर आणि गवतावर टाप ऐकू येत नाही. तिथे दुसरी खूण: गुडघा टेकणे. ही सगळ्यात भरवशाची, कारण पोनी दमली, घाबरली, अडखळली किंवा पडली तरी तीच खूण आपोआप होते. गुडघा टेकला की हँडलर काहीही न विचारता आधी बिट काढतो आणि मग बोलतो. उलट क्रमानं करायचं नाही. ‘काय झालं?’ असं विचारून उत्तराची वाट पाहणारा हँडलर तोंडात दांडी असलेल्या माणसाकडून काय ऐकणार आहे?

हँडलरकडून दर पाच मिनिटांनी एक तपासणी. तो पोनीच्या दंडावर दोनदा हलकं दाबतो, ती एक टाप देते. उत्तर आलं नाही तर पुन्हा एकदा. तरीही नाही, तर खेळ थांबला. पोनी खोल भूमिकेत असल्यामुळे उत्तर देत नाही की भोवळ येतेय म्हणून, हे बाहेरून कळत नाही, आणि ते ओळखत बसायचंही नाही.

खिशात दोन वस्तू कायम: बोथट टोकाची कात्री, जी पट्टा कापू शकेल, आणि कुलूप वापरलं असेल तर त्याची किल्ली. मुळात कुलूप नकोच. साजाचा प्रत्येक पट्टा एका हातानं, पाच सेकंदांत सुटला पाहिजे. घड्याळ लावून एकदा बघा, बहुतेक नवे साज यात नापास होतात.

मुखसाज आणि बिट

मुखसाज घरी शिवता येतो. लागतं ते असं: २० मिमी रुंदीची सुती किंवा नायलॉनची पट्टी ४ मीटर, अंदाजे ३५–४० मिमी व्यासाची दोन स्टीलची कडी, लांबी कमी-जास्त करायच्या चार पट्टीसरक्या आणि डोक्यामागे एक दाबून सुटणारं बकल. एक पट्टी कपाळावरून, एक डोक्यामागून, दोन गालांवरून खाली कड्यांपर्यंत आणि एक हनुवटीखालून सैलसर. कडी ओठांच्या कोपऱ्यापासून थोडी मागे यावीत. प्रत्येक पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. हनुवटीचा पट्टा गळ्यावर उतरत असेल तर गालाच्या पट्ट्या जास्त लांब झाल्या आहेत. नायलॉनची कापलेली टोकं मेणबत्तीवर जरा वितळवून घ्या, नाहीतर ती गाल खरवडतात.

बिट मात्र खऱ्या घोड्याचं वापरू नका. घोड्याच्या जबड्यात पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, तिथे बिट हिरडीवर बसतं. माणसाला अशी फटच नाही. आपल्या तोंडात दांडी थेट दातांवर बसते आणि लगामाला बसलेला हिसका दाताला बसतो. लोखंडी दांडीनं दाताचा टवका उडायला फार जोर लागत नाही.

खाद्यपदार्थांना चालणारी सिलिकॉनची नळी घ्या, बाहेरून १५–१८ मिमी जाडीची. लांबी म्हणजे ओठांच्या दोन कोपऱ्यांतलं अंतर अधिक दोन्ही बाजूंना अडीच-अडीच सेंटिमीटर. बहुतेकांना एकूण १० ते १२ सेंटिमीटर पुरते. नळीतून ६ मिमीची नायलॉनची दोरी ओवून दोन्ही टोकांना घट्ट गाठी मारा आणि ती कड्यांना पटकन सुटणाऱ्या हुकांनी अडकवा. नळी फाटली तरी तुकडा दोरीवरच राहतो, घशात जात नाही. दांडी जाड घेतली की जबडा जास्त उघडा राहतो आणि दहा मिनिटांत कानापुढे ठणका लागतो. ती बसते सुळ्यांच्या मागे, ओठांच्या कोपऱ्यांना न ताणता. पहिल्या वेळी पाच मिनिटं, दुसऱ्या वेळी दहा. अर्ध्या तासावर सहसा कुणी जाऊ नये.

लाळ गळणारच. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण धोका आहे. मान मागे कलली की लाळ घशात उतरते. म्हणून बिट असताना पोनीला उताणं झोपवायचं नाही आणि मान मागे खेचायची नाही. सर्दीनं नाक बंद असेल त्या दिवशी बिट नाही, बाकीचा खेळ चालू शकतो. वापरण्याआधी दरवेळी नळीवर दातांचे खोल व्रण बघा आणि चीर दिसली की फेकून द्या. एकाचं बिट दुसऱ्याच्या तोंडात जाऊ नये. ओठांवरचा हर्पीस अशानं पसरू शकतो.

लगाम

हिसका बसणार आहे असं गृहीत धरूनच लगाम बांधायचा. तो बिटला न बांधता गालाच्या कड्यांना बांधा. शिकाऊ हँडलर असेल तर छातीच्या पट्ट्यांना, खांद्यांपाशी. दिशा तेवढीच कळते आणि मान सुरक्षित राहते. कड्याला थेट गाठ न मारता साध्या सुती दोऱ्याचा फास मध्ये घाला. जोरात ओढलं गेलं तर दोरा तुटेल, दात नाही. गळपट्ट्याला लगाम कधीच नाही. गळ्यावर पुढून येणारा दाब श्वासनळी आणि रक्तवाहिन्यांवर येतो.

वळायचं असेल तेव्हा लगाम ओढायचा नसतो. त्या बाजूची करंगळी मिटली इतपतच ताण पुरतो. चांगल्या जोडीत लगाम बहुतेक वेळ सैल लोंबतो आणि पोनी हँडलरच्या आवाजावर वळते.

खूर, बूट, शेपूट, झापडं

टाच नसलेले खुराचे बूट फोटोत सुरेख दिसतात. त्यांत सगळं वजन चवड्यावर येतं आणि पोटरी सतत आखडलेली राहते. पहिल्यांदा पाच मिनिटं, भिंतीला हात लावून, गालिच्यावर. मग काढायचे आणि पोटऱ्या ताणायच्या. असे बूट घातले असताना हात मागे बांधायचे नाहीत; पडताना माणूस हातांवर सावरतो, हात नसतील तर तोंडावर पडतो. हात बांधायचेच असतील तर कमरेच्या पट्ट्याला, पुढच्या बाजूला, वेल्क्रोनं, जोर केला की सुटतील असे.

हातमोज्यात मूठ बंद असते, म्हणून बोटं डोळ्यांना दिसत नाहीत आणि लक्षातून जातात. दर दहा मिनिटांनी मोजा काढून नख दाबा. ते पांढरं होतं आणि सोडल्यावर दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. मुंग्या येतायत का, असं विचारल्यावर एक टाप आली की मोजा लगेच निघतो.

शेपूट कमरेच्या पट्ट्याला अडकवलेली सगळ्यात सोपी. गुदद्वारात बसणारी शेपूट हा वेगळा विषय आहे: तळ रुंद हवा, वंगण भरपूर हवं, आणि सिलिकॉनच्या वस्तूवर सिलिकॉनचं वंगण चालत नाही. पहिल्या दिवसाचं काम नाही. ती घालून दुडकी तर नाहीच.

झापडांनी फक्त बाजूचं दिसणं कमी व्हावं. पायापुढची दोन मीटर जमीन दिसलीच पाहिजे.

पहिलं सत्र

पाऊण तास पुरे. निम्मा वेळ साज चढवण्यात आणि उतरवण्यात जातो आणि तो वाया गेलेला नसतो.

जागा निदान ३ मीटर बाय ३ मीटर, बाजूला टेबलाची टोकं नाहीत, सतरंजीच्या दुमडलेल्या कडा नाहीत. आधी दहा मिनिटं अंग गरम करणं: पोटऱ्या, मांड्या, कंबर, घोटे. मग खरारा. घाईत बरेच जण हा टाळतात आणि मग पोनीला भूमिकेत शिरताच येत नाही म्हणून कुरकुरतात. मऊ केसांचा नवा ब्रश घ्या. लोखंडी दातांचा खरा खरारा माणसाच्या कातडीला नको. मानेपासून खांद्याकडे, खांद्यापासून दंडाकडे, पाठीवर वरून खाली, संथ आणि एकाच लयीत. हँडलर गप्प राहतो. पाच-सात मिनिटांत पोनीचा श्वास खाली उतरलेला कळतो. मग मुखसाज, शेवटी लगाम.

आज्ञा चारच: चल, थांब, मागे, दुडकी. प्रत्येकीचा आवाज वेगळा हवा. ‘चल’ चढत्या सुरात, ‘थांब’ लांब आणि खाली उतरणारा. शब्दापेक्षा सूर आधी पोचतो. एक आज्ञा पक्की झाल्याशिवाय दुसरी द्यायची नाही. एका दमात चारही शिकवणारा हँडलर पोनीला गोंधळवतो आणि वर तिलाच मठ्ठ ठरवतो. बरोबर केलं की लगेच मानेवर हात. उशिरानं दिलेली शाबासकी कशाबद्दल होती ते कळत नाही.

दुडकीत गुडघा कमरेच्या उंचीपर्यंत येतो, पायाची बोटं खाली रोखलेली, पाठ ताठ. वाटतं त्यापेक्षा खूप दमवणारी चाल आहे. २० सेकंद दुडकी, ४० सेकंद साधी चाल, अशा पाच फेऱ्या पहिल्या दिवशी भरपूर. घाम सुटला की पाणी, पुढच्या सत्रांत बिट असेल तर आधी ते काढून. बादलीतून पाणी पिण्याची हौस असेल तर ती बादली त्यासाठीच राखलेली असावी.

गोल फिरवायचं असेल तर याहून बरीच मोठी मोकळी जागा आणि तीन-चार मीटरची दोरी घ्या. हँडलर मधोमध उभा. दर दोन-तीन मिनिटांनी दिशा बदला, कारण आतल्या बाजूच्या घोट्यावर आणि गुडघ्यावर जास्त भार येतो. दोरी हाताला गुंडाळायची नाही, घड्या करून मुठीत धरायची. पोनी पडली तर गुंडाळलेली दोरी हँडलरची बोटं घेऊन जाते.

चाबूक हा लांब केलेला हात समजायचा. टोकानं नितंबाला किंवा मांडीच्या मांसल भागाला टेकवायचं. मूत्रपिंडांची जागा, म्हणजे बरगड्यांच्या खालची पाठ, मणका, गुडघ्याची मागची बाजू आणि चेहरा, इथे तो जात नाही. आधी हँडलरनं स्वतःच्या मांडीवर मारून बघावं. पुष्कळांचा जोर तिथेच निम्मा होतो.

पाठीवर बसणं

ही कल्पना फार जुनी आहे. फिलिसनं ॲरिस्टॉटलला रांगायला लावून त्याच्यावर स्वारी केली, ही मध्ययुगीन दंतकथा हान्स बाल्डुंगनं १५१३ मध्ये लाकडी ठशातून छापली, लगामासकट. चित्रात तत्त्वज्ञाचे गुडघे दुखत नाहीत.

माणसाची पाठ आडव्या तुळईसारखं वजन पेलायला घडलेली नाही. रांगत्या माणसाच्या पाठीच्या मध्यावर कुणी बसलं की कंबर खाली झुकते आणि भार मणक्याच्या खालच्या भागावर, मनगटांवर आणि गुडघ्यांवर येतो. बसायचंच असेल तर स्वाराचे दोन्ही पाय जमिनीवर, वजन स्वतःच्याच पायांवर, आणि टेकायचं ते कंबरेच्या हाडावर, मागच्या बाजूला. एखादं मिनिट, न चालता. पोनीच्या गुडघ्यांखाली जाड पॅड. खांद्यावरची स्वारी दणकट पोनीलाच जमते, आणि तीही बिट, खुराचे बूट, बांधलेले हात यांपैकी काहीही नसताना. मागे एक तिसरा माणूस उभा हवा.

गाडी

गाडी मात्र माणसाला मानवते, जर ओढ कमरेतून आली तर. दांड्या हातांनी धरून ओढल्या की खांदे दहा मिनिटांत जातात. रुंद पट्टा कंबरेच्या हाडांवर बसवा, दांड्या त्याला ओढताच सुटणाऱ्या हुकांनी जोडा. सायकलच्या आकाराची मोठी चाकं छोट्या खड्ड्यांत अडकत नाहीत. आस स्वाराच्या जवळजवळ खाली हवी. स्वार बसल्यावर दांड्यांची टोकं दोन-तीन किलोचाच भार देत असतील तर तोल बरोबर आहे. दांड्या वर उचलल्या जात असतील तर स्वार फार मागे बसलाय, पोनीच्या कंबरेला खाली दाबत असतील तर फार पुढे.

स्वार आणि गाडी मिळून १०० किलो धरा. सपाट, कडक जमिनीवर गाडी चालू ठेवायला फार जोर लागत नाही. पण १०० मीटरला ५ मीटर चढ आला की ५ किलोची जादा ओढ सतत लागते आणि उतारावर तीच ५ किलो मागून ढकलते. गाडीला ब्रेक नसेल तर उतार टाळा. गाडी पोनीच्या पोटऱ्यांवर येते. आधी रिकामी गाडी, मग १० किलोची वाळूची पिशवी, मग २०, आणि माणूस सगळ्यात शेवटी.

क्रम पाठ हवा. चाकांखाली अडसर लावायचा, पोनी जोडायची, लगाम हातात घ्यायचा, मग स्वार बसतो. उतरताना स्वार आधी उतरतो, मग पोनी सुटते. उलट केलं की पोनी सुटताच गाडी पुढे किंवा मागे कलते आणि स्वार आपटतो. गाडीच्या बाबतीत वेगाइतकाच हा विसरही घात करतो.

साज उतरवताना

आधी लगाम, लगोलग बिट, मग हातमोजे, बूट, आणि मुखसाज शेवटी. मुखसाज डोक्यावर असेपर्यंत पोनी भूमिकेत राहू शकते आणि तिला हळूहळू परत येऊ द्यायचं असतं. लगेच ‘कसं वाटलं?’ विचारू नका. पाणी, पांघरूण, कानापुढे जबड्याला बोटांनी हलका मसाज, पोटऱ्या ताणणं. बोलणं अर्ध्या तासानं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उगीच उदास वाटणं, रडू येणं हे होतं, पोनीला आणि हँडलरलाही. म्हणून दुसऱ्या दिवशीचा एक फोन आधीच ठरवून ठेवा. जबडा दोन दिवसांनंतरही उघडताना दुखत असेल किंवा बोटांची बधिरता गेली नसेल तर डॉक्टरकडे जा आणि काय केलं ते सरळ सांगा. संमतीनं केलेला असा खेळ हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात फेटिश (एखाद्या वस्तूची किंवा अवयवाची लैंगिक ओढ) आणि संमतीचा सॅडोमॅसोकिझम (वेदना देण्या-घेण्यातलं सुख) आजारांच्या यादीत नाहीत.

सिलिकॉनची नळी पाच मिनिटं उकळा. चामडं ओल्या फडक्यानं पुसून सावलीत वाळवा. सुती पट्ट्या साध्या साबणानं धुवा.

माणसं कुठे भेटतात

फक्त पोनी प्लेचे गट विरळ असतात. शोध ‘पेट प्ले’ या मोठ्या छत्रीखाली घ्यावा लागतो. तिथे पप, म्हणजे कुत्र्याची भूमिका घेणारे, संख्येनं जास्त असतात आणि पोनी कोण आहे ते त्यांना ठाऊक असतं. फेटलाइफ ही २००८ मध्ये कॅनडातून सुरू झालेली साइट या वर्तुळाची चावडी आहे. तिथे आपल्या भागातले कार्यक्रम आणि गट बघता येतात. खातं वेगळ्या ईमेलवर, टोपणनावानं काढा. चेहरा, गोंदण, खिडकीबाहेरचं दृश्य फोटोत नको, आणि फोटोच्या फाइलमधली ठिकाणाची नोंद आधी पुसा. गाव फार छोटं असेल तर जवळचं मोठं शहर लिहा.

पहिली भेट ‘मंच’ला. हा मराठीतला मंच नव्हे. इंग्रजी शब्द आहे, चरत चरत गप्पा अशा अर्थाचा, आणि या बैठका १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात एका बर्गरच्या दुकानात सुरू झाल्या. उपाहारगृहात, रोजच्या कपड्यांत, साजाशिवाय आणि खेळाशिवाय माणसं भेटतात. कुणाची नोकरी किंवा आडनाव विचारायचं नाही, कुणी बाहेर भेटलं तर त्यानं ओळख दाखवेपर्यंत आपण दाखवायची नाही.

जाण्याआधी आयोजकाला चार ओळी लिहा: मी नवा आहे, पोनी प्लेत रस आहे, अजून काही केलेलं नाही, येताना काय लक्षात ठेवू? सोबत दोन प्रश्न: फोटोंबद्दल नियम काय आणि तक्रार असेल तर कुणाकडे जायचं? दुसऱ्या प्रश्नाला नाव घेऊन उत्तर मिळालं तर गट जागेवर आहे. ‘आमच्याकडे तक्रारी होतच नाहीत’ असं उत्तर आलं तर दुसरा गट बघा.

एकदा जाऊन काही कळत नाही, निदान तीनदा जा. अनुभवी हँडलर म्हणून कुणी पुढे आला तर त्याच्याबरोबर खेळलेल्या दोन जणांशी बोला, एकमेकांच्या ओळखीत नसलेल्या. हे विचारल्यावर जो रागावतो त्याच्या हातात लगाम द्यायचा नाही. ‘खऱ्या पोनीला थांब-खूण लागत नाही’ म्हणणारा, प्रवेशासाठी नग्न फोटो मागणारा, पहिलीच भेट एकट्यानं घरी ठरवणारा, आगाऊ ‘प्रशिक्षण शुल्क’ मागणारा, या सगळ्यांना एकच उत्तर. ‘नको’ म्हणण्याची एक चाचणी आहे: गप्पांत एखाद्या क्षुल्लक गोष्टीला नकार द्या, पुढच्या पेयाला, फोन नंबरला. तो कसा घेतला जातो ते बघा. टाप वाजल्यावरही तो तसाच घेतला जाणार आहे.

पहिल्या खऱ्या सत्राला जाताना एका विश्वासू माणसाकडे पत्ता, समोरच्याचं नाव आणि परतायची वेळ ठेवा. ठरलेल्या वेळी फोन आला नाही तर त्यानं काय करायचं हेही ठरवा, नाहीतर तो नुसता काळजी करत बसतो. कायदा देशागणिक बदलतो. ब्रिटनमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं १९९३ मध्ये असा निकाल दिला की सॅडोमॅसोकिझममध्ये शारीरिक इजा झाली तर संमती हा बचाव ठरत नाही. तुमच्याकडे काय आहे ते वाचा. उघड्या मैदानात साज घालून फिरण्याचा मोह आवरा: तिथून जाणाऱ्यांनी होकार दिलेला नसतो.

जवळपास काहीच नसेल तर तीन माणसांवरही बैठक उभी राहते. महिन्यातला एकच वार पक्का ठेवा, एकच शांत उपाहारगृह, येणाऱ्यांशी आधी लेखी बोलणं, आणि पाच ओळींचे नियम. पहिल्या दोन महिन्यांत एखादे दिवशी कुणीच येणार नाही, टेबलाशी एकटंच बसावं लागेल. तरी तारीख बदलू नका. बदलली की जे यायचं धाडस गोळा करत असतात ते चुकतात. चार-पाच माणसं जमली की एखादं बंद सभागृह तासाभरासाठी घ्या, निदान ६ बाय ८ मीटरचं, न घसरणाऱ्या जमिनीचं. एक जण न खेळता नुसता लक्ष ठेवायला, प्रथमोपचाराची पेटी, बर्फ, पाणी आणि दोन कात्र्या. पहिल्या वेळी बिट सगळ्यांनी घरीच ठेवावं.